सलाइनची पुढची बाटली द्यावी का?

भीतीने हातपाय गार पडणे हा मराठीतील रोजचा वाक्प्रचार शरीरशास्त्राच्या कसोटीलाही उतरतो, कारण संकटाची चाहूल लागताच शरीर त्वचेकडे आणि हातापायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळते आणि तिथले वाचलेले रक्त हृदय व मेंदू यांच्याकडे वळवते. भीती ओसरली की हात पुन्हा ऊबदार होतात. मात्र जुलाबांनी शरीर कोरडे पडल्यामुळे, अपघातात किंवा बाळंतपणात रक्त वाहून गेल्यामुळे, हृदयविकाराच्या झटक्याने हृदयाचा जोर ओसरल्यामुळे अथवा जंतुसंसर्ग सर्व शरीरभर भिनल्यामुळे रक्ताभिसरण कोलमडते, तेव्हा त्या अवस्थेला वैद्यक ‘शॉक’ म्हणते. बोलण्यात हा शब्द विजेच्या झटक्यासाठी किंवा मनाला बसलेल्या धक्क्यासाठी येतो. डॉक्टरांच्या लेखी त्याचा अर्थ असा की, पेशींना जितका प्राणवायू हवा आहे तितका रक्त त्यांच्यापर्यंत पोहोचवू शकत नाही. अशा रुग्णाला सावरण्याची साधने मोजकीच आहेत: शिरेतून सलाइनसारखा द्रव देणे, रक्तवाहिन्या आवळणारी किंवा हृदयाला जोर देणारी औषधे चालू करणे, गरजेनुसार रक्त चढवणे आणि हे सर्व चालू असताना मूळ कारणाचा बंदोबस्त करणे. यांतील कोणते साधन, किती प्रमाणात वापरायचे आणि कुठे थांबायचे हे ठरवण्यासाठी रक्ताभिसरणाची जी मोजदाद केली जाते, तिच्या इतिहासातील गेली तीस वर्षे मुख्यतः आधीच्या समजुती तपासून टाकून देण्यात गेली आहेत.

या मोजदादीचा पाया साध्या हिशेबात आहे. सत्तर किलो वजनाच्या निरोगी प्रौढाच्या शरीरात साधारण ५ लिटर रक्त असते आणि विश्रांती घेत असताना हृदय दर मिनिटाला जवळपास तेवढेच रक्त पुढे ढकलते. प्रत्येक लिटर रक्तात सुमारे २०० मिलिलिटर प्राणवायू असतो, म्हणजे मिनिटाला १,००० मिलिलिटर प्राणवायू शरीरभर फिरतो. पेशी त्यातला २५० मिलिलिटरच्या आसपास उचलतात आणि जवळजवळ ७५ टक्के प्राणवायू घेऊन रक्त हृदयाकडे परत येते. ही शिल्लक शरीराची गंगाजळी होय. प्रवाह मंदावला की पेशी रक्तातून अधिक वाटा काढून घेतात आणि काही काळ निभावून नेतात. ही गंगाजळीही पुरेनाशी झाली की प्राणवायूविना ऊर्जा तयार करण्याच्या तोकड्या मार्गाचा आश्रय घेतात आणि रक्तात लॅक्टेट नावाचा पदार्थ साचू लागतो. निरोगी माणसात हे प्रमाण लिटरमागे २ मिलिमोलच्या खाली असते. ते चढू लागले की अतिदक्षता विभागात सर्वजण सावध होतात, आणि ते योग्यच आहे.

अतिदक्षता विभागाच्या दाराशी ताटकळणारे नातेवाईक मात्र लॅक्टेट विचारत नाहीत. ते विचारतात, बीपी किती आहे? प्रश्न रास्त आहे, पण त्याच्या उत्तरावर जितका भरवसा टाकला जातो तितका ते पेलू शकत नाही. रक्तदाब हा हृदयातून निघणारा प्रवाह आणि रक्तवाहिन्यांचा विरोध या दोहोंचा मिळून झालेला परिणाम असल्यामुळे, प्रवाह घटला तरी वाहिन्या पुरेशा आवळल्या की दाबाचा आकडा जागच्या जागी राहतो. रक्तस्रावात एकूण रक्ताच्या ३० टक्क्यांपर्यंत, म्हणजे सुमारे दीड लिटर रक्त गेल्यावरही वरचा रक्तदाब अनेकदा नेहमीइतकाच भरतो. त्याआधी नाडी जलद होते, वरच्या व खालच्या दाबातील अंतर कमी होते आणि हात गार पडतात. पाटपाण्यावर शेती करणाऱ्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. कालव्याच्या तोंडाशी पाण्याची पातळी उत्तम दिसत असते, कारण मधल्या दारांनी पाणी तुंबलेले असते, आणि त्याच वेळी टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याच्या वाफ्यात थेंबही उतरलेला नसतो. रक्तदाब ही कालव्याच्या तोंडची पातळी आहे. ती पार घसरली तर पाणी कुठेच पोहोचणार नाही हे नक्की. ती टिकून आहे म्हणून टेलला पाणी मिळाले, असे मात्र म्हणता येत नाही.

ही पातळी मोजण्याची पहिली नोंद इंग्लंडमधील स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाने १७३३ मध्ये प्रसिद्ध केली. एका घोडीला आडवे बांधून त्याने तिच्या मांडीच्या रोहिणीत, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिनीत, पितळी नळी बसवली, तिला उंच काचनळी जोडली आणि रक्त ८ फूट ३ इंच चढलेले पाहिले. नंतर टप्प्याटप्प्याने रक्त काढत तो ती उंची नोंदत गेला. माणसासाठी सुसह्य साधन हाती यायला त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षे लागली. इटलीतील रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये दंडाला बांधायचा फुगीर पट्टा आणला आणि १९०५ मध्ये रशियातील कोरोत्कोव्ह यांनी त्या पट्ट्याखाली स्टेथोस्कोपने ऐकू येणाऱ्या आवाजांचा अर्थ लावला. आजचा स्वयंचलित पट्टा आवाज ऐकत नाही. तो रोहिणीच्या स्पंदनांमुळे पट्ट्यातील हवेत उठणारी कंपने टिपतो, त्यांतून सरासरी दाब ठरवतो आणि वरचा-खालचा दाब हिशेबाने काढतो. गंभीर रुग्णात मुख्य महत्त्व या सरासरी दाबालाच असते, कारण अवयवांकडे रक्त ढकलणारा दाब तोच. १२०/८० या ओळखीच्या आकड्यांत तो ९३ च्या आसपास येतो. शॉकमध्ये तो किमान ६५ मिलिमीटर पाऱ्याइतका राखावा, असे सध्याचे मार्गदर्शन आहे.

नाडी अतिशय क्षीण झाली किंवा रक्तवाहिन्या आवळणारे औषध थेंबाथेंबाने कमीजास्त करावे लागले की पट्ट्याची मोजणी अपुरी पडते आणि मनगटाच्या रोहिणीत बारीक नळी घातली जाते. ही रचना जवळून पाहण्यासारखी आहे. नळीतून कडक प्लॅस्टिकच्या ट्यूबमध्ये सलाइनचा अखंड स्तंभ असतो. सलाइनची पिशवी ३०० मिलिमीटर पारा इतक्या दाबाच्या आवरणात गुंडाळलेली असते, म्हणजे रक्त उलट चढत नाही. स्तंभाच्या दुसऱ्या टोकाला दाबाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारे चिमुकले यंत्र असते आणि प्रत्येक ठोक्यागणिक मॉनिटरवर लाट उमटते. हे यंत्र रुग्णाच्या हृदयाच्या पातळीवर, बरगड्यांमधील चौथ्या फटीजवळ काखेच्या मध्यरेषेत यावे लागते. कुणी खाट दहा सेंटिमीटर वर घेतली आणि यंत्र खांबावर जागच्या जागी राहिले, तर पाण्याच्या स्तंभाचा तेवढा भार मोजणीत मिसळतो आणि आकडा सुमारे ७ मिलिमीटरने फुगतो. पडद्यावर ६५ दिसत असताना खरा दाब ५८ असतो. खाट हलवल्यावर यंत्राची पातळी पुन्हा जुळवणारी परिचारिका त्या क्षणी जे काम करत असते, ते महागड्या औषधाइतकेच मोलाचे असते, आणि त्याची दखल फारशी कुणी घेत नाही याची खंत वाटते.

दाब कळला तरी प्रवाह किती आहे हा प्रश्न उरतोच, आणि तो सोडवण्यासाठी हृदयातच शिरायचे धाडस विसाव्या शतकात झाले. बर्लिनजवळील एबर्सवाल्डे येथील रुग्णालयात १९२९ मध्ये पंचविशीतील वेर्नर फोर्समान यांनी आपल्याच डाव्या कोपराच्या शिरेतून सुमारे ६५ सेंटिमीटर लांबीची मूत्रमार्गाची नळी आत सरकवली आणि क्ष-किरण विभागापर्यंत चालत जाऊन ती हृदयात पोहोचल्याचे छायाचित्र काढून घेतले. त्या काळी वेडे धाडस मानल्या गेलेल्या या कामासाठी त्यांना १९५६ चे नोबेल पारितोषिक, कूर्नां आणि रिचर्ड्स यांच्याबरोबर, मिळाले. पुढची झेप १९७० मधली. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर शिडाच्या होड्या वाऱ्याने पुढे जाताना पाहून जेरेमी स्वान यांना नळीच्या टोकाला शीड लावण्याची कल्पना सुचली, आणि विल्यम गांझ यांच्यासह त्यांनी टोकाला इवलासा फुगा असलेली नळी तयार केली. मानेच्या शिरेतून आत सोडलेली ही नळी रक्ताच्या प्रवाहाबरोबर स्वतःच हृदयाच्या उजव्या कप्प्यांतून फुप्फुसाच्या रोहिणीत जाऊन बसते. तिच्यातून थंड सलाइन सोडले आणि पुढच्या टोकाशी रक्ताचे तापमान किती उतरले व किती वेगाने पूर्ववत झाले हे मोजले की हृदय मिनिटाला किती रक्त पंप करते ते काढता येते. ओढ्यात रंग टाकून खालच्या अंगाला तो किती लवकर पुसट होतो यावरून पाण्याचा अंदाज बांधावा, तसाच हा प्रकार.

पुढची पंचवीस वर्षे ही नळी अतिदक्षता विभागाची जणू ओळखच बनली. तिच्यामुळे शॉकचे प्रकार आकड्यांत वेगळे दिसू लागले: शरीरातील द्रव घटला आहे, पंप बिघडला आहे, फुप्फुसातील गुठळीसारखा अडथळा आला आहे, की सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्ग शरीरभर भिनल्यावर, होते त्याप्रमाणे रक्तवाहिन्या सैलावून हृदय भरपूर पंप करत असूनही दाब टिकत नाही. हे ज्ञान अमोल होते. त्या ज्ञानाने रुग्ण वाचतात का, हा मात्र वेगळा प्रश्न होता आणि तो बराच काळ कुणी विचारला नाही, कारण अधिक माहितीने अपाय होईल ही शंकाच कुणाच्या मनाला शिवली नव्हती. १९९६ मध्ये अमेरिकेतील ५,७३५ गंभीर रुग्णांच्या अभ्यासात, आजाराची तीव्रता जमेस धरूनही, ज्यांना ही नळी घातली त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले आणि खळबळ उडाली. ब्रिटनमधील ६५ अतिदक्षता विभागांत हजारावर रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करून केलेल्या चाचणीने २००५ मध्ये उत्तर दिले: नळी घातल्याने मृत्यू वाढले नाहीत आणि कमीही झाले नाहीत. फुप्फुसातील रक्तदाब वाढलेले रुग्ण, हृदयाच्या बिघाडाने आलेला गुंतागुंतीचा शॉक, काही हृदयशस्त्रक्रिया अशा ठिकाणी ती आजही उपयोगी पडते. सरसकट वापर मात्र थांबला.

याच सुमारास दुसरी एक आशा उभी राहिली होती. डेट्रॉइटमधील इमॅन्युएल रिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये सेप्सिसच्या २६३ रुग्णांवरील चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. पहिल्या सहा तासांत ठरलेल्या पायऱ्यांनी उपचार करायचे, हृदयाजवळच्या मोठ्या नीलेतील, म्हणजे रक्त परत आणणाऱ्या वाहिनीतील दाब ८ ते १२ पर्यंत येईस्तोवर दर अर्ध्या तासाला अर्धा लिटर द्रव द्यायचा, सरासरी दाब ६५ च्या वर ठेवायचा आणि परतणाऱ्या रक्तातील प्राणवायूची शिल्लक ७० टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायची नाही, अशी ती पद्धत होती. तिच्यामुळे रुग्णालयातील मृत्यू ४६.५ टक्क्यांवरून ३०.५ टक्क्यांवर आल्याचे दिसले आणि जगभर तिचे अनुकरण झाले. पुढे २०१४ आणि २०१५ मध्ये अमेरिका, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड आणि इंग्लंड येथील तीन मोठ्या चाचण्यांत मिळून चार हजारांहून अधिक रुग्णांवर ही पद्धत पुन्हा पारखली गेली, तेव्हा नेहमीच्या उपचारांपेक्षा तिचा जास्त फायदा दिसला नाही. यावरून रिव्हर्स यांचे काम वाया गेले असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. मधल्या काळात नेहमीचे उपचारच बदलले होते. सेप्सिस लवकर ओळखणे, प्रतिजैविके तासाभरात देणे आणि सुरुवातीलाच द्रव देणे ही सवय तोपर्यंत रुजली होती, आणि ती रुजवण्यात त्या पहिल्या चाचणीचा मोठा वाटा होता. गळून पडले ते ठरावीक आकडे गाठण्याचे बंधन.

त्यातही सर्वांत चिवट ठरला नीलेतील दाबाचा आकडा. हा दाब कमी म्हणजे शरीरात द्रव कमी, म्हणून सलाइन द्या, हे सूत्र पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले होते. २००८ मध्ये पॉल मॅरिक आणि सहकाऱ्यांनी या विषयावरील २४ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा द्रव दिल्यावर हृदयाचा प्रवाह वाढेल की नाही याचा या दाबावरून बांधलेला अंदाज नाणेफेकीपेक्षा क्वचितच सरस असल्याचे आढळले. दाब आणि शरीरातील रक्ताचे प्रमाण यांचा मेळ नीट जुळलेला एकच अभ्यास त्यांना सापडला आणि तो सात घोड्यांवर, शुद्धीत उभ्या असलेल्या घोड्यांवर, केलेला होता. हेल्सच्या घोडीपासून सुरू झालेल्या विद्येत असा योग यावा, हे लक्षात राहण्याजोगे आहे.

मग द्रव द्यायचा की नाही हे कशावरून ठरवायचे? येथे हृदयाचा एक स्वभाव समजून घ्यावा लागतो, जो जर्मनीत ओटो फ्रँक आणि इंग्लंडमध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी उलगडला. हृदय भरताना त्याचे स्नायू जितके ताणले जातात तितक्या जोराने ते आकुंचन पावते, त्यामुळे रिकाम्या हृदयाला थोडा अधिक द्रव मिळाला की प्रवाह झपाट्याने वाढतो. मात्र हे काही मर्यादेपर्यंतच घडते. त्यापुढे भर घातली तरी प्रवाह वाढत नाही आणि द्रव मागे तुंबून फुप्फुसांत, यकृतात, मूत्रपिंडांत आणि आतड्यांत झिरपतो. मॅरिक यांनी तपासलेल्या रुग्णांतील निम्म्याहून थोड्या अधिकांचाच प्रवाह द्रवामुळे वाढला होता. उरलेल्यांच्या शरीरात गेलेल्या बाटलीने फक्त सूज वाढवली, एवढा या आकड्याचा अर्थ गंभीर आहे.

द्रव न देता त्याचा परिणाम पाहण्याची एक युक्ती फ्रान्समधील झेव्हिए मोने आणि जाँ-लुई तबूल यांनी रूढ केली. रुग्णाला आधी ४५ अंशांत बसते ठेवायचे. मग हात न लावता खाटेच्याच बटणाने धड सपाट करायचे आणि पाय ४५ अंशांत उचलायचे. पायांतले आणि पोटातले सुमारे ३०० मिलिलिटर रक्त हृदयाकडे उतरते, म्हणजे रुग्णाचेच रक्त त्याला तात्पुरते उसने दिले जाते. त्यानंतरच्या मिनिटाभरात सोनोग्राफीच्या किंवा अन्य साधनाने हृदयाचा प्रवाह मोजायचा. तो किमान १० टक्क्यांनी वाढला तर बाटली उपयोगी पडण्याची शक्यता चांगली, न वाढला तर ती टाळावी. पाय खाली घेताच उसने रक्त परत जाते आणि अपाय होत नाही. ही क्रिया सोपी दिसते, म्हणूनच ती चुकीची केली जाते: रुग्णाला आधी आडवाच ठेवला तर पोटातले रक्त उतरत नाही, पाय हाताने ओढून उचलले तर वेदनेने नाडी व दाब वाढून फसगत होते, आणि प्रवाहाऐवजी नुसता दाब पाहिला तर निष्कर्ष डळमळतो. व्हेंटिलेटरवर पूर्ण विसंबून असलेल्या रुग्णात श्वासागणिक नाडीच्या लाटेची उंची किती कमीजास्त होते हेही असेच सूचक असते, पण रुग्ण स्वतः श्वास घेऊ लागला किंवा ठोके अनियमित झाले की त्या सूचनेला अर्थ राहत नाही.

प्रवाह वाढत असला तरी द्रव द्यायलाच हवा असेही नाही. निरोगी माणसाने पाय वर केले तरी त्याचा प्रवाह वाढतो आणि त्याला सलाइनची गरज नसते. ऊतींना रक्त कमी पडत आहे, द्रवाने प्रवाह वाढणार आहे आणि फुप्फुसे तो सोसू शकतील, या तिन्ही गोष्टींचा मेळ बसावा लागतो. तो न पाहता दिलेल्या द्रवाची किंमत झांबियातील लुसाका येथे दिसली. तिथल्या रुग्णालयात सेप्सिस आणि कमी रक्तदाब असलेल्या २०९ प्रौढांवर, ज्यांतील बहुसंख्य एचआयव्हीबाधित होते, केलेल्या चाचणीचा निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. मानेची शीर, श्वासाची गती आणि प्राणवायूची पातळी पाहत ठरलेल्या पद्धतीने लवकर व अधिक द्रव दिलेल्या गटात ४८.१ टक्के रुग्ण दगावले, तर नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात ३३ टक्के. दोन्ही गटांतील फरक सहा तासांत सुमारे दीड लिटरचा होता. व्हेंटिलेटर दुर्मीळ असतो तिथे फुप्फुसात साचलेले पाणी जिवावर बेतते, आणि ही परिस्थिती भारतातील कित्येक तालुक्यांच्या परिचयाची आहे. सेप्सिसच्या शॉकमध्ये पहिल्या तीन तासांत वजनाच्या दर किलोमागे ३० मिलिलिटर द्रव देण्याची प्रचलित शिफारस २०२१ मध्ये सौम्य शब्दांत मांडली गेली, हे अशा अनुभवांशी सुसंगतच आहे.

दाब आणि प्रवाह यांतील तफावतीचा सर्वांत धडधडीत दाखला रायगड जिल्ह्यात महाडला सापडतो. कोकणात तांबड्या विंचवाचा दंश झालेले रुग्ण घामाने डबडबलेले, बर्फासारख्या गार हातापायांचे, आणि तरीही चढलेल्या रक्तदाबाचे येत. विंचवाच्या विषाने मज्जातंतू सतत उद्दीपित राहून रक्तात अॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या करकचून आवळल्या जातात, त्या विरोधापुढे हृदय दमते आणि फुप्फुसांत पाणी भरून तोंडाला फेस येतो. कालव्याची सगळी दारे एकदम बंद झाल्यासारखी ही अवस्था; इथे सलाइनच्या बाटल्या चढवणे म्हणजे तुंबलेल्या पाण्यात भर घालणे. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी या रुग्णांच्या उशाशी बसून तासातासाला केलेल्या नोंदींतून हा क्रम ओळखला आणि १९८० च्या दशकात आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या प्राझोसिनच्या साध्या गोळ्या वापरायला सुरुवात केली. पूर्वी या दंशाने शेकडा तीसच्या घरात रुग्ण दगावत; नंतर हे प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आले. गोळी ठरावीक तासांनी पुन्हा द्यायची ती कुठवर, तर हातपाय ऊबदार होईपर्यंत. हृदयातील नळी तिथे नव्हती, पण प्रवाह परतला की नाही हे तळहात सांगत होता, आणि त्याच्या सांगण्यावर उपचार चालू राहत वा थांबत. आपल्या मातीतल्या या कामाचे मोल भारतीय अतिदक्षता-वैद्यकाने अजून अधिक मोकळेपणाने मान्य करायला हवे.

त्याच तळहाताला अलीकडे आकड्यांचे पाठबळ मिळाले आहे. दक्षिण अमेरिकेतील पाच देशांच्या २८ अतिदक्षता विभागांत, चिलीतील ग्लेन एर्नांदेस यांच्या पुढाकाराने, सेप्सिसने शॉकमध्ये गेलेल्या ४२४ रुग्णांवर चाचणी झाली. एका गटाचे उपचार लॅक्टेटच्या आकड्यावरून आणि दुसऱ्याचे बोटावरून ठरवले गेले. उजव्या हाताच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर सूक्ष्मदर्शकाची काचपट्टी दाबायची, कातडी पांढरी पडली की दहा सेकंद तसाच दाब ठेवायचा, मग सोडून रंग परत यायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर मोजायचे. तीनपेक्षा अधिक लागले तर टेलला पाणी पोहोचलेले नाही. ही तपासणी दर अर्ध्या तासाला केली जाई, लॅक्टेट दर दोन तासांनी. २०१९ मधील निष्कर्षानुसार २८ दिवसांत बोटावर विसंबलेल्या गटात ३४.९ टक्के आणि लॅक्टेटच्या गटात ४३.४ टक्के मृत्यू झाले. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला थोडक्यात उतरला नाही, त्यामुळे बोटाने जीव वाचतात असे त्यावरून सिद्ध झाले नाही; पण खर्चिक तपासणीपेक्षा बोट कमी पडत नाही, एवढे उमगले. त्याचे कारणही कळण्यासारखे आहे. प्रवाह सुधारल्यावर त्वचेचा रंग काही मिनिटांत परततो, तर लॅक्टेट उतरायला तास लागतात. यकृत मंदावले किंवा अॅड्रेनॅलिन चालू असले तर ते प्रवाह पुरेसा असतानाही चढलेले राहते, आणि त्या आकड्याच्या मागे लागून दिलेला द्रव अनाठायी ठरतो.

२०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांत चाललेल्या दुसऱ्या मोठ्या चाचणीत हीच तपासणी पुढच्या प्रश्नांशी जोडली गेली. बोटाचा रंग उशिरा परतला की वरच्या-खालच्या दाबातील अंतर पाहायचे: ते ४० च्या खाली असेल तर हृदय कमी रक्त फेकत आहे असे मानून द्रवाचा उपयोग होईल का ते तपासायचे; ते पुरेसे असून खालचा दाब ५० च्या खाली असेल तर वाहिन्या सैल आहेत असे मानून नॉरअॅड्रेनॅलिन हे वाहिन्या आवळणारे औषध वाढवायचे; एवढ्यावर भागले नाही तर खाटेशेजारी सोनोग्राफीने हृदय पाहायचे. मृत्यूचे प्रमाण या पद्धतीच्या आणि नेहमीच्या उपचारांच्या गटांत जवळजवळ सारखे राहिले, पण या पद्धतीने उपचार झालेल्या रुग्णांची औषधे व यंत्रे यांवरील अवलंबित्वातून लवकर सुटका झाली. या तपासणीलाही मर्यादा आहेत, हे विसरून चालणार नाही. खोली थंड असली, त्वचेचा रंग गडद असला, दोन तपासणाऱ्यांनी दाब वेगवेगळा दिला, तर सेकंद बदलतात. सेप्सिसच्या सुरुवातीला काहींचे हात ऊबदारच असतात. म्हणून हाताबरोबर गुडघ्याभोवती उमटणारी जांभळट जाळी, शुद्धी, दर तासाची लघवी हे सारे एकत्र वाचावे लागते.

रुग्ण सावरू लागला की मोजदादीची दिशा उलटते. पहिल्या तासांत शिरलेले अनेक लिटर पाणी पावलांवर, पाठीखाली, पापण्यांत सुजेच्या रूपाने उरलेले असते आणि आता ते मूत्रपिंडांवाटे बाहेर काढायचे असते. म्हणून रोजचे वजन, आत गेलेले व बाहेर आलेले मिलिलिटर यांचा ताळेबंद आणि फुप्फुसांची सोनोग्राफी यांना महत्त्व येते. नळ्याही एकेक करून निघतात. मनगटातील नळी प्रत्येकाला सुरुवातीपासून घातलीच पाहिजे का, या प्रश्नावर फ्रान्समधील सुमारे हजार रुग्णांच्या चाचणीने २०२५ मध्येच सांगितले की, आधी दंडाच्या पट्ट्यावर काम चालवून खरोखर गरज भासली तरच नळी घातली, तरी मृत्यू वाढत नाहीत. जिथे ती घातलेली असते तिथे ती काढल्यानंतर परिचारिका त्या जागेवर कापसाचा बोळा पाच-दहा मिनिटे घट्ट दाबून धरते, रक्त थांबल्याची खात्री करून पट्टी लावते, आणि मग रुग्णाच्या बोटाचे टोक चिमटीत धरून सोडते व रंग परतेपर्यंत त्याच्याकडे पाहत राहते.